दिगूदादाचे चार्जर

माइकचा चौकोनी सेल चार्ज झाला आहे की नाही, हे दिगूदादा केळुसकर जिभेला लावून बघायचा. सेलची दोन्ही टोकं जिभेवर टेकवायची, डोळे बारीक करायचे, झिणझिणलं की समाधानाने मान हलवायची आणि तोच ओला सेल माइकच्या डबीत घालून ती डबी नवऱ्यामुलाच्या शेरवानीला मागून खोचायची. मुलुंडच्या एका हॉलमध्ये मी हे पहिल्यांदा बघितलं आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बॅगेत मीटर नव्हता असं नाही. चांगला, आकडे दाखवणारा मीटर होता. "मीटर खोटं बोलात, जीभ नाय बोलणार," असं म्हणून तो हसायचा, आणि ते हसू असं गोड असायचं की समोरचा माणूस सेलची ओल विसरून जायचा.

तोंडावर मी त्याला 'दादा, तुम्ही' म्हणायचे. लिहिताना तेवढा मान हातून निघत नाही.

दादाचा घाटकोपरला स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, साखरपुडे, साठी, पंच्याहत्तरी, सगळी कामं घ्यायचा. मी कॅमेरा नीट धरायला त्याच्याकडेच शिकले. फोटो तो अप्रतिम काढायचा, हे आधीच सांगून टाकते, कारण तेच सगळ्यात जास्त खुपतं. ज्या म्हाताऱ्या बायका कॅमेरा बघून तोंडावर पदर घेतात त्या त्याच्यासमोर मोकळ्या व्हायच्या. तो त्यांच्यापुढे उकिडवा बसायचा, मालवणीत शिरायचा. "काय गो आये, नातीचा लगीन तुझ्या, आणि तोंड असा केलंस जसा मासो नासलो!" म्हातारी खळाळून हसायची आणि नेमक्या त्या क्षणी फ्लॅश उडायचा. घरचे लोक तो फोटो मोठा करून भिंतीवर लावायचे. पन्नाशी उलटलेला, गोरा, केस मागे वळवलेले, अत्तराचा भपका, पांढरे बूट. बायका म्हणायच्या, किती घरच्यासारखा आहे ना!

घरच्यासारखाच होता. कोणाच्याही घरात शिरला की पहिल्या पाच मिनिटांत त्या घरातला एक तरी प्लग काढून तिथे स्वतःचा चार्जर लावायचा.

इतर फोटोग्राफर जागेवर पोचले की उजेड कुठून येतो ते बघतात. दादाची नजर माणसांच्या गुडघ्याखाली असायची. भिंतीच्या कडेकडेने सॉकेट शोधत फिरायचा. खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग आणि हातात एक मळकी कापडी पिशवी. पिशवीत एकमेकांत अडकलेले चार्जर: पेन्सिल सेलचा एक मोठा, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्यांचे दोन, फोनचे वेगळे, आणि तपकिरी चिकटपट्टीने गुंडाळलेला एक एक्स्टेंशन बोर्ड. त्या बोर्डाला जळक्या प्लास्टिकचा वास यायचा. कामाला येताना त्याच्या सगळ्या बॅटऱ्या रिकाम्या असत. विसरून नव्हे, ठरवून.

"घरून का नाही चार्ज करून आणत, दादा?" मी एकदा विचारलं.

"पंगतीक कोण जेवून जाता काय गो?" तो म्हणाला.

सेल कसले होते तेही सांगते. साकीनाक्याच्या एका गाळ्यातून तो जुने, कोणी टाकून दिलेले सेल आणायचा. कुठल्याचं वरचं कव्हर सोललेलं, कुठल्याच्या टोकाला पांढरी पूड फुललेली. ती पूड तो अंगठ्याने पुसून पॅन्टच्या मागे फासायचा आणि त्याच हाताने पाहुण्यांनी पुढे केलेला पेढा उचलायचा. चांगला सेल आणि मरायला टेकलेला सेल एकाच फ्लॅशमध्ये घालू नये, चांगलाही लवकर खराब होतो, हे मला त्यानेच शिकवलं. स्वतः मात्र सर्रास घालायचा. फुगलेली बॅटरी दिसली की मी मागे सरकायचे. तो ती दोन बोटांत दाबून बघायचा, "फुगली म्हणजे तब्येत सुधारली," म्हणायचा, आणि चिकटपट्टी लावून परत पिशवीत टाकायचा. ती पिशवी लोकांच्या घरात, मुलं खेळत असायची तिथे, सोफ्याखाली पडलेली असायची.

एकदा भर उन्हाळ्यात मुलुंडलाच एक लग्न होतं. जेवणाच्या बाजूला आइस्क्रीमचा मोठा फ्रीझर ठेवलेला. दादाने त्याचा प्लग काढला, चार्जर लावला, आणि फ्रीझरच्या झाकणावर टेबलक्लॉथ टाकून ठेवला, म्हणजे कोणी बघू नये. पंगत बसली, झाकण उघडलं, तर आत नुसतं गुलाबी पाणी. केटररचा माणूस बिचारा रडवेला झाला. मुलीचे मामा त्याच्या अंगावर धावून गेले. "लाज नाही वाटत? लोकांच्या शुभकार्यात सडका माल आणता?" तो माणूस परत परत सांगत होता, "साहेब, सकाळी दगडासारखं होतं हो." त्याचं कोणी ऐकेना.

दादा तोवर चार्जर काढून, फ्रीझरचा प्लग परत लावून मोकळा झाला होता. त्याने एक वाटी पुढे केली, त्यात ते पातळ आइस्क्रीम घेतलं, चमच्याने भुरकलं आणि मामांना म्हणाला, "अहो, बासुंदी झाली आहे झकास. सोडून द्या गरिबाला. चांगल्या दिवशी राग नको." मामा निवळले. केटररच्या माणसाने दादाला हात जोडले. जोडलेल्या हातांना दादाने वरून आपले हात लावले. मी बाजूला उभी राहून बघत होते.

मनोरीला झालेल्या एका लग्नाचं तसंच. समुद्राकाठच्या एका कॉटेजमध्ये लग्न, दोन्हीकडचे फोटोग्राफर वेगळे. मुलीकडून सुमेध नावाचा आमच्याच ओळखीतला एक जण आला होता. नवीन काम सुरू केलेला, सगळं नेटकं. नव्या सेलांचा संच, प्रत्येक सेलवर लाल मार्करने 'सु' लिहिलेलं. सकाळी त्याने ते व्हरांड्यात चार्जिंगला लावले. मंगलाष्टकं सुरू झाली आणि सुमेधचा फ्लॅश उडेचना. दोन उडाले, मग वाट बघत बसायचं, मग एक, मग तोही नाही. मंडपात अंधार होता. मुलीच्या वडलांनी चारचौघांत त्याला झापलं. तेव्हा दादाने सुमेधच्या खांद्यावर हात टाकला. "असूं दे रे, नवीन पोरांचं होतं असं. हे घे माझे चार सेल. काम थांबता कामा नये." सुमेधचे डोळे भरून आले.

संध्याकाळी मार्वेला परत येताना फेरीबोटीत दादा कठड्याला टेकून बसला होता आणि नखाने एकेका सेलवरचं काहीतरी खरवडत होता. त्याच्या नखात लाल भुगा साचला होता.

"दादा, हे सुमेधचे सेल आहेत."

"असतील."

"तुम्ही बदललेत. तुमचे मेलेले त्याच्या चार्जरमध्ये घातलेत."

त्याने नखातला भुगा फुंकला. जराही चपापला नाही. "सेलवर नाव घातला म्हणजे काय झाला गो? करंटवर नाव घाल बघू. करंट कोणाच्या बापाचो?"

मी दुसऱ्या दिवशी सुमेधला फोन करून सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "जाऊ दे ना यार. दिगूदादाकडून पुढे कामं येतात." दादाबद्दल जे जे कोणाला कळायचं ते असंच जाऊ दिलं जायचं. तो माणूस त्या 'जाऊ दे'वरच फोफावला होता.

'करंट कोणाच्या बापाचो' हे वाक्य कुठून आलं, तेही मला त्याच्या घरी एकदा कळलं. अल्बमची प्रुफं द्यायला घाटकोपरला गेले होते. दादाचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली, बिल थकलं, चाळीतल्या त्यांच्या खोलीची लाइट तोडली. शेजारच्या खोलीतून एक वायर मागितली तर शेजाऱ्याने दिली नाही. वर्षभर दादा आणि त्याची बहीण जिन्यातल्या दिव्याखाली बसून अभ्यास करायची. हे सांगताना तो थट्टा करत नव्हता. त्या शेजाऱ्याचं नाव त्याने पूर्ण घेतलं, आडनावासकट. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांना मी म्हटलं, "वहिनी, मी खालून दोनदा फोन लावला तुम्हाला." वहिनी दादाकडे बघून हळूच म्हणाल्या, "बंद आहे. चार्जिंग संपलं." हॉलमध्ये तीन सॉकेट रिकामी होती. कोपऱ्यात इन्व्हर्टर गुरगुरत होता.

"शेजारच्या घरी गेली की लावते ही," दादा म्हणाला. "पाटलीणबाई काय नाय म्हणतत? दिवसभर घरीच असतत."

वहिनींनी ट्रे उचलला आणि आत गेल्या. घरच्या माणसाला घरचं सॉकेट नाही! माझं मघाचं वाईट वाटणं तिथेच आटलं. ज्याला एकदा कोणी वायर दिली नाही त्याने आयुष्यभर सगळ्यांचे प्लग काढत फिरावं, आणि स्वतःच्या बायकोलाही वायर देऊ नये, यात मला करुण काही दिसलं नाही. आजही दिसत नाही.

मी तरीही काही काळ राहिले, कारण काम शिकायला मिळत होतं आणि माझा स्वतःचा कॅमेरा अजून व्हायचा होता. मग बोरीवलीचं काम आलं.

रेगेकाकांचं सहस्रचंद्रदर्शन. काका बँकेतून निवृत्त झालेले, काकू शाळेत गणित शिकवायच्या. काकूंना अर्धांगाचा झटका येऊन बरेच दिवस झाले होते. उजवी बाजू गेली होती आणि वाचा पूर्ण गेली होती. समज मात्र शाबूत. काकूंना कार्यक्रम निदान ऐकू यावा म्हणून हॉल न घेता घरीच करायचं ठरलं होतं. त्यांची मुलगी, अपर्णाताई, सगळं बघत होत्या. काकूंच्या दिवसभराच्या देखभालीला वंदना नावाची बाई होती, माझ्याच वयाची. तिने सकाळी काकूंना न्हाऊ घातलं, जांभळं नऊवारी पातळ अंगावर नीट पसरून दिलं, कपाळाला कुंकू लावलं. काकूंच्या पाठीला जखम झाली होती, एका जागी पडून होते तशी. म्हणून डॉक्टरांनी हवेची गादी दिली होती. तिला छोटा पंप असतो. तो सतत चालू राहतो, गादीतली हवा या कप्प्यातून त्या कप्प्यात फिरवत राहतो, म्हणजे पाठीच्या एकाच जागेवर भार येत नाही. वंदनाने मला हे सगळं समजावून सांगितलं होतं, कारण मी विचारलं होतं. दादाही तिथेच उभा राहून ऐकत होता.

घरात गर्दी. हॉलमधली सॉकेट माळांनी आणि पंख्यांनी अडवलेली, स्वयंपाकघरात मिक्सर चाललेला. दादा पिशवी घेऊन कडेकडेने फिरला आणि कुठे दिसेनासा झाला. मी हॉलमध्ये होमाचे फोटो घेत होते. थोड्या वेळाने तो काकूंच्या खोलीतून बाहेर आला आणि दार ओढून घेतलं. अपर्णाताईंना म्हणाला, "आईंचे फोटो मी घेतले हां. छान आले. आता त्यांना पडू दे शांत. धूर नको जायला आत." अपर्णाताई म्हणाल्या, "बरं झालं तुमच्या लक्षात आलं." वंदना खोलीकडे निघाली होती, तिला कोणी तरी हाक मारून पानं मांडायला लावलं. ती दोनदा म्हणाली, "आजींना बघून येते." दोन्ही वेळा, "अगं झोपल्यात त्या, आधी हे घे," असं उत्तर मिळालं.

होम झाला, तुला झाली, जेवणं झाली. दुपार उलटल्यावर दादाने मला हाक मारली. "मनीषा, आतले सेल काढून आण. औक्षणाचे आणि ग्रुप फोटो ऱ्हवलेत."

"आतले म्हणजे कुठले?"

"म्हातारीच्या खोलीतले."

मी दार ढकललं. खोलीत घाणीचा वास होता, लघवीचा, आणि अगदी शांत होतं. पंप वाजत नव्हता. गादी पूर्ण बसली होती, नुसतं रबराचं कातडं उरलं होतं, आणि काकू त्यावरून एका बाजूला घसरून पलंगाच्या कडेच्या लोखंडी पट्टीला टेकल्या होत्या. डावा हात पट्टीवर आवळलेला. त्याच एका हाताने त्यांनी स्वतःला खाली पडू दिलं नव्हतं. तोंडातून लाळ गळून जांभळ्या पातळावर सुकली होती. डोळे उघडे होते. उशाशी भिंतीवर दादाचे दोन चार्जर, हिरवे दिवे लागलेले, आणि पंपाची वायर खाली फरशीवर.

मी चार्जर उपटले, पंप लावला आणि जोरात वंदनाला हाक मारली.

वंदना धावत आली, पाठोपाठ अपर्णाताई. आम्ही तिघींनी काकूंना उचलून सरळ केलं. कुशीवर वळवल्यावर पाठीची पट्टी रक्ताने भिजून घसरलेली दिसली. भरत आलेली जखम पुन्हा फाटली होती. काकूंच्या घशातून एक आवाज आला. तो मी इथे लिहू शकत नाही.

"तू कुठे मेली होतीस?" अपर्णाताई वंदनावर ओरडल्या. "एकच काम सांगितलं होतं ना तुला? एकच!"

वंदना काकूंची पाठ धरून उभी होती. 

दारात दादा येऊन उभा राहिला होता. एका नजरेत त्याने सगळं बघितलं. मग जीभ टाळ्याला लावून च्च् केलं आणि अत्यंत मायेने म्हणाला, "ताई, रागावू नका तिच्यावर. ह्या बायकांना काय कळतंय? झाडताना प्लग निघाला असेल."

माझ्या दोन्ही हातांत त्याचे चार्जर होते, वायरी खाली लोंबत होत्या. मी म्हटलं, "झाडताना नाही निघाला. दादांनी काढला. हे इथे लावलेले होते. आत्ता मी काढले."

अपर्णाताईंनी माझ्या हातांकडे बघितलं. मग दादाकडे. तो हसला. "अगो, पंप काय सारखो चालू ठेवचो लागता? मला वाटलं, पंख्यासारखं असेल."

"वंदनाने तुमच्यासमोर सांगितलं होतं," मी म्हटलं.

 बाहेरून गुरुजींनी हाक दिली, "अपर्णा, निरांजनं पेटली आहेत, ये लवकर." हॉलमध्ये पन्नास माणसं, पाटावर नव्या धोतरात बसलेले रेगेकाका. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. अपर्णाताईंनी डोळे पुसले, केस सारखे केले. "बाबांना आत्ता सांगू नका," त्या म्हणाल्या. "नंतर बघू." आणि दादाला म्हणाल्या, "चला, औक्षणाचे फोटो घ्या."

त्या क्षणी मला दादाची जितकी शिसारी आली तितकीच त्या 'चला'ची आली.

दादाने माझ्या हातातला चार्जर घ्यायला हात पुढे केला. मी ते दोन्ही फरशीवर टाकले. सेल सुटून पलंगाखाली घरंगळत गेले. पांढऱ्या बुटांसकट गुडघ्यांवर बसून तो ते गोळा करू लागला, काकूंच्या पलंगाखाली वाकून, एकेक. मी माझी बॅग उचलली, काकूंच्या डाव्या हाताला हात लावला आणि बाहेर पडले.

संध्याकाळी त्याचा फोन आला. मी माफीची अपेक्षा करत नव्हते, पण जे ऐकलं त्याचीही नव्हती. "काय गो, एवढा काय झाला? म्हातारी गेली काय? नाय ना? मग?"

मी फोन ठेवला. त्यानंतर त्याच्याशी बोलले नाही.

त्याच आठवड्यात वंदनाला कामावरून काढलं. तिचा नंबर माझ्याकडे होता, तिनेच सांगितलं. "म्हणाल्या, तुझं लक्ष नव्हतं. मी म्हटलं, ताई, पानं कोणी मांडायला लावली? तर म्हणाल्या, उलट बोलू नकोस." तिला साकीनाक्याला एका घरी दुसरं काम मिळालं. पण रेग्यांची आजी तिच्या मनातून गेली नाही. फोनवर दर वेळी विचारायची, "काही कळलं का हो आजींचं?"

कळलं ते तिलाच आधी. काही महिन्यांनी तिचा फोन आला. "आजी गेल्या. तेराव्याला जाणार आहे. बोलावलं नाही कोणी, पण जाणार. एकटीला पाऊल उचलवत नाही. येता का?"

आम्ही दोघी गेलो. हॉलमध्ये सतरंजी अंथरलेली, सोसायटीतली माणसं, काकूंच्या जुन्या शाळेतल्या दोन बाई, कोपऱ्यात खुर्चीवर रेगेकाका. अपर्णाताई आम्हाला बघून गडबडल्या, मग वंदनाचा हात धरून आत घेऊन आल्या. आणि समोर टेबलाजवळ दिगूदादा उभा होता, पांढऱ्या झब्ब्यात, हात पुढे बांधून, अगदी घरच्यासारखा.

टेबलावर काकूंचा मोठा फ्रेम केलेला फोटो होता, हार घातलेला. जांभळं पातळ, ठसठशीत कुंकू. त्या सकाळी खोलीत जाऊन त्याने घेतलेला. आजारपणातला डोळे उघडे असलेला तेवढा एकच फोटो होता, म्हणून अपर्णाताईंनी त्याच्याकडे मागितला होता आणि त्याने स्वतःच फ्रेम करून आणला होता. पैसे घ्यायला तयार नव्हता, असं कोणीतरी कौतुकाने सांगत होतं.

फोटो विलक्षण होता. खिडकीतला उजेड एका गालावर, वाकडं झालेलं तोंड सावलीत, आणि डोळे सरळ तुमच्यावर रोखलेले. शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, "काय करारी नजर! वर्गात अश्शाच बघायच्या." दुसऱ्या म्हणाल्या, "एवढ्या दुखण्यातही तेज बघा." दादा नम्रपणे म्हणाला, "त्यांचंच आहे सगळं. मी फक्त बटण दाबलं."

वंदना फोटोपुढे गेली. हात जोडले. नमस्कार झाल्यावर ती मागे सरेल असं वाटलं, पण ती तशीच बघत राहिली. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की फोटोत काकूंचं डोकं जरा जास्तच खाली गेलं आहे, उशीची एक कड वर उरली आहे. गादी बसायला लागली होती. त्याने आधी पंप काढला होता आणि मग फोटो घेतला होता.

"आजी माझ्याकडे असं कधी बघायच्या नाहीत," वंदना म्हणाली.

दादा पुढे झाला. "कॅमेऱ्याकडे बघतायत ना त्या, म्हणून तसं वाटतं."

"कॅमेऱ्याकडे नाही," वंदना म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण सतरंजीवरच्या सगळ्यांना ऐकू गेलं. "तुमच्याकडे बघतायत. तुम्ही प्लग काढलात ते त्यांनी बघितलं होतं."

रेगेकाकांनी खुर्चीतून मान वर केली. "कसला प्लग?" त्यांनी विचारलं. अपर्णाताईंनी तोंडाला पदर लावला. काकांनी पुन्हा विचारलं, या वेळी मुलीला, "अपर्णा, कसला प्लग?"

आणि वंदना काकांच्या खुर्चीजवळ खाली बसली आणि सांगू लागली, पहिल्यापासून.

दादाने इतरांकडे बघून हसायचा प्रयत्न केला. त्याला साथ द्यायला कोणी हसलं नाही. तो वळून फोटोकडे बघायला लागला आणि मला वाटतं, त्याने तो फोटो तेव्हाच पहिल्यांदा बघितला. आधी त्याने त्यात उजेड बघितला असेल, सावली बघितली असेल. आता त्याची नजर काकूंच्या नजरेला लागली आणि त्याला ती काढून घेता येईना. मग त्याने ती काढली. अत्तराचा रुमाल तोंडावर फिरवला, "निघतो, एक काम आहे," असं कोणालाच उद्देशून न म्हणता पुटपुटला आणि दाराशी जाऊन बूट घालू लागला. एक बूट नीट जाईना. टाच मोडून तसाच पायात सरकवला. समोर लिफ्ट उघडी उभी होती, आत कोणीतरी दार धरून थांबलं होतं. तो तिकडे न बघता जिन्याने उतरून गेला.